सावलीला न येणारी गाय

कंपनीनं त्या गाईच्या वाणाला 'शीतला' असं नाव दिलं, तेव्हाच प्रयागबाईंनी नाक मुरडलं होतं. ऊन सोसणारी गाय, म्हणून शीतला. कुठल्या तरी शहरात, गार खोलीत बसून कुणीतरी ते नाव काढलं असणार आणि बाकीच्यांनी टाळ्याही वाजवल्या असणार. शीतला ही कशाची देवी, तिचा कोप झाला की लेकरांच्या अंगावर काय उठतं, तिच्या सप्तमीला चूल का पेटवायची नाही, यातलं त्या शिकलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नसावं याचं प्रयागबाईंना नवल वाटलं नाही. त्या फक्त हळूच म्हणाल्या, "देवीचं वाहन गाढव असतंय. तेवढं मात्र कंपनीला बरोबर जमलंय."

प्रयागबाईंचा आवाज कधी चढत नसे. पहाटे तुळशीला पाणी, सोमवार, एकादशी, चातुर्मासात एकवेळ जेवण, असा त्यांचा दिनक्रम. मोठ्यानं बोलणं म्हणजे त्यांना नैवेद्य उष्टा केल्यासारखं वाटे. पण बोरखेडीतल्या बायकांना माहीत होतं, की दुसऱ्या कुणाच्या शिव्या परवडल्या, प्रयागबाईंचं हळू बोलणं नको.

बोरखेडी हे कंधारच्या माळावरचं गाव. एके काळी इथं दारोदार लाल कंधारी गाय असे. अंगानं तांबडी, पायांनी चिवट, दुधाला हात आखडता. मग ऊन वाढत गेलं. वैशाखात पारा अठ्ठेचाळीसला टेकायचा आणि दोन-दोन आठवडे तिथून हलायचा नाही. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई जिभा बाहेर काढून धापा टाकायच्या, चारा सोडायच्या, आटायच्या. काही उभ्या उभ्या मरायच्या. अशा वेळी दूध कंपनीनं 'दोन एकरवाल्याची गाय' म्हणून शीतला आणली, आणि प्रयागबाईंच्या मुलानं, गजेंद्रनं, गावात सगळ्यात आधी आपल्या दारी बांधली.

बांधली म्हणणं चूकच. तिच्यासाठी मुक्त गोठा केला. निंबाच्या झाडापासून थेट विहिरीपर्यंत तारेचं कुंपण, मधे मोकळं अंगण, आणि अगदी दुसऱ्या टोकाला, भर उन्हात, सिमेंटची गव्हाण आणि पाण्याचा हौद.

"छप्पर कुठाय?" प्रयागबाईंनी विचारलं.

"छप्पर कशाला लागतंय हिला, काकू?" कंपनीचे पशुवैद्य डॉक्टर सलगरे हसले. काळा चष्मा, पांढरे बूट. शेणाच्या कडेकडेनं चालायची त्यांची एक खास पद्धत होती. "हेच तर सगळं विज्ञान आहे."

मग त्यांनी ते विज्ञान समजावलं. माणूस कसाही असला तरी समजावलं नीट, हे मान्य करायला हवं. गाईचं पोट ही एक भट्टी असते. चारा त्यात आंबतो आणि आंबताना ऊब सुटते. जितकं दूध जास्त तितका चारा जास्त, आणि तितकी भट्टी मोठी. थंड देशातली गाय ती ऊब सहज बाहेर टाकते. आपल्याकडच्या उन्हात ती टाकता येत नाही, म्हणून गाय चारा कमी करून भट्टी विझवते, आणि दूध जातं. लाल कंधारी तगते, कारण तिची भट्टीच मुळात चुलीएवढी. पण लांबच्या एका उष्ण बेटावरच्या गाईंमध्ये निसर्गानंच एक चूक करून ठेवलेली सापडली. त्यांच्या एका जनुकातलं एकच अक्षर गळालेलं. त्यामुळे अंगावरचे केस आखूड नि गुळगुळीत होतात, घाम जास्त सुटतो, ऊब भराभर निघून जाते. शास्त्रज्ञांनी मोठ्या दुधाच्या गाईच्या गर्भात तेवढंच अक्षर कातरलं.

"आणि ही त्याच्याही पुढची पिढी आहे," सलगरे म्हणाले. "ऊन लागलं की सावली शोधायची, अशी एक ओढ जनावराच्या मेंदूत असते. सावलीत उभी राहिलेली गाय खात नाही, नुसती रवंथ करते. तो वेळ वाया. आम्ही ती ओढच मंद केली. ही दिवसभर खाणार."

"म्हणजे सावली हवीशीच वाटणार नाही हिला?"

"अजिबात नाही."

प्रयागबाईंनी गाईकडे पाहिलं. काळीपांढरी, ओल्या दगडासारखी चकचकीत, डोळे थंडगार. "बिचारी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. सलगऱ्यांना वाटलं, म्हातारी आहे, चालायचंच.

त्याच वर्षी वैशाख लागताना प्रयागबाईंनी सावलीव्रत सुनेच्या ओटीत घातलं.

हे व्रत बोरखेडीचं आणि आसपासच्या चार-दोन वाड्यांचं. पोथीत सापडायचं नाही. वैशाखभर रोज सूर्य उगवताना गाय मोकळी सोडायची. ती आपल्या मर्जीनं सावलीला येईपर्यंत घरच्या बाईनं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. हाक मारून आणायची नाही, चारा दाखवून आणायची नाही, दाव्यानं ओढून तर नाहीच. गाय सावलीला आली की तिच्या खुरांवर पाणी घालायचं, तिला पहिला घास द्यायचा आणि मग आपण जेवायचं. सासूकडून सुनेकडे असं ते चालत आलेलं. प्रयागबाईंनी ते तीस वर्षं केलं होतं. वैशाख आला की गावातल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या, आणि प्रयागबाई त्यांना पडू द्यायच्या.

सून प्रणिता उदगीरची. बीएस्सी झालेली, चटचट बोलणारी, सकाळी उठल्या उठल्या चहा लागणारी. प्रयागबाईंनी तिला खणानारळानं व्रत दिलं आणि देता देता, नेहमीच्या मऊ आवाजात, शेजारच्या वच्छलाबाईंना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "द्यायचं म्हणून दिलंय. तीन दिवस काढले तरी मी हिच्या हातचा चहा नावं न ठेवता पिईन."

वच्छलाबाई खुदकन हसल्या. प्रणिताचे कान लाल झाले. तिनं नारळ घट्ट धरला.

"आत्या, साखर किती घालायची ते आत्ताच सांगून ठेवा," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी शीतला उजाडता उजाडता गव्हाणीशी गेली आणि खात राहिली. न्याहारीची वेळ टळली. ऊन डोक्यावर आलं. निंबाखाली कुत्रं पडलेलं, कोंबड्या पंख पसरून चोची उघडून बसलेल्या, कावळासुद्धा फांदीवर गप्प. आणि ती एकटी उन्हात उभी राहून कुट्टी चघळत होती. अंगावरून घाम ओघळत होता. तिला त्याचं काही नव्हतं. मात्र जेवढा घाम तेवढं पाणी, जेवढं खाणं तेवढी कुट्टी. दुपारभर हौद भरायचा, गव्हाण भरायची, आणि कंपनीनं नव्यानं बसवून दिलेली दुपारची धारही काढायची. हे सगळं कुणी करायचं हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. प्रणिता विहिरीवरून बादल्या आणत होती. कोरड्या ओठांनी ते पाणी हौदात ओतत होती, आणि शीतला नाक बुडवून सावकाश, आवाज करत पीत होती.

उतरत्या उन्हात निंबाची सावली लांबत लांबत अंगणभर सरकली आणि अखेर गव्हाणीवर पडली. तेव्हा कुठं शीतला सावलीत आली. खरं तर ती जागची हललीच नव्हती.

"हे धरायचं का?" प्रणितानं विचारलं. तिचा आवाज भेगाळला होता.

बायकांमध्ये त्यावर चर्चा झाली. गाय सावलीला आली पाहिजे, सावली गाईकडे नव्हे, असं वच्छलाबाईंचं मत. बाकीच्यांनी दया केली. प्रयागबाई म्हणाल्या, "धरू. शिकाऊ आहे."

तीन दिवस झाले. प्रणितानं चहा करून आणला आणि सासूपुढे ठेवला. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. प्रयागबाईंनी घोट घेतला, चहाला नावं ठेवली नाहीत, आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्या वेळी उपासाचं एवढं तोंडावर दिसत नव्हतं बाई."

बस. एवढंच. त्या वाक्यानंतर प्रणितानं ठरवलं, की पौर्णिमेपर्यंतच काय, अमावास्येपर्यंत, अख्खा महिना करायचं.

गजेंद्र खूश होता. दूध वाढत होतं. घरात बायको संध्याकाळपर्यंत पाण्याविना राहते, याची त्याला अडचण वाटत नव्हती. उलट अभिमान वाटत होता. अभिमान ही फार सोयीची गोष्ट आहे, तिला बादल्या उचलाव्या लागत नाहीत. तो पंख्याखाली पडून मित्रांना फोनवर सांगायचा, "आमच्या इथं गाय पण वाघीण नि बायको पण वाघीण." दुपारी तो बाहेर पडतच नसे. ऊन बाधतं म्हणे त्याला.

ही कीर्ती सलगऱ्यांपर्यंत गेली. ते आले, त्यांनी प्रणिताचा एक फोटो काढला, वर कुठं तरी पाठवला, आणि वरून निरोप आला, की वैशाखी पौर्णिमेला कॅमेऱ्याची माणसं येतील. 'तपाचं दूध' अशी जाहिरात करायची. एका बाजूला गाईचं तप, दुसऱ्या बाजूला गृहिणीचं.

"गाईचं कसलं तप?" प्रयागबाई म्हणाल्या. "तिला ऊन कळतच नाही म्हणता ना तुम्ही?"

"काकू, जाहिरातीत एवढं खोलात जात नाहीत."

"दिसतंय ते."

तरीही तेव्हा त्यांच्या मनात प्रणिताबद्दल कणव आली होती असं नाही. आली ती पुढे, आणि एका फालतू गोष्टीतून.

एका सकाळी त्या वच्छलाबाईंकडे विरजण मागायला गेल्या. वच्छलाबाईंनी अजून आपली जुनी लाल कंधारी ठेवली होती, दोन वेळच्या चहापुरतं दूध देणारी. प्रयागबाई ओट्यावर टेकतात न टेकतात तोच ती गाय माळावरून डुलत डुलत आली, सरळ बाभळीखाली गेली, फुस्स करून बसली आणि डोळे मिटून रवंथ करू लागली. वच्छलाबाईंनी तिच्या खुरांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा दिला, हात धुतले.

"झालं माझं व्रत," त्या म्हणाल्या. "बसा, पोहे टाकते."

पोहे. प्रयागबाई त्या शब्दापाशी अडकल्या. पलीकडे कुंपणापाशी प्रणिता बादली घेऊन निघाली होती, आणि तिच्यापुढे अजून सगळा दिवस पडला होता. दोन घरं, एकच व्रत, एकच सूर्य. त्यांची स्वतःची गायसुद्धा अशीच, न्याहारीच्या सुमाराला सावलीला येत असे. रोज. तीस वर्षं. ऊन तापायच्या आत त्यांनी पाणी प्यायलेलं असे, आणि पुढची सगळी दुपार गाय बसलेली म्हणून त्याही आडव्या झालेल्या असत. गाय उठल्याशिवाय काम नव्हतं. व्रत घालून देणाऱ्या त्या जुन्या बाईनं आपली तहान गाईच्या तहानेशी बांधली होती, म्हणजे जनावराकडे लक्ष राहील आणि बाईलाही दुपारची टेक मिळेल. कंपनीनं गाईकडची गाठ कापून नेली. बाईकडची तशीच राहिली.

"पोहे नकोत," त्या उठल्या. विरजण तिथंच विसरलं.

घरी येऊन त्यांनी गजेंद्रला सांगितलं. "उद्यापासून दुपारचं तू कर. आणि गव्हाण निंबाखाली घे."

"माय, सिमेंटची आहे ती! उचलून घेऊ काय?" तो हसला. "आणि आता पौर्णिमा दोन दिवसांवर आलीय. लोक यायलेत. तूच तर व्रत दिलंस, आता तूच कामून मधे मधे करायलीस?"

"प्रणिताचे पाय सुजलेत."

"उन्हानं सुजतात. ती काही म्हणाली का?"

ती काही म्हणाली नव्हती. प्रयागबाई मोरीपाशी तिला गाठायला गेल्या. तिथं जे दिसलं ते बघून त्या क्षणभर दाराशीच थांबल्या. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. प्रणितानं घाईनं पाणी ओतलं.

"कधीपासून?"

"कशाचं?"

"माझ्याशी नाटक नको. कधीपासून?"

"चार-पाच दिवस असतील." प्रणितानं पदर सावरला. "होतं आत्या. आमच्या वेळी तोंडावर दिसत नव्हतं म्हणालात ना. तोंडावर नाही दिसू दिलं."

"सोड हे. आज पाणी पी. मी सांगते म्हणून पी."

प्रणितानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं होती, पण नजरेत एक बारीक, थंड हसू होतं, आणि ते कुठून आलंय हे प्रयागबाईंना लगेच ओळखू आलं. ते त्यांचंच होतं. तीन वर्षं एका घरात राहून सुनेनं सासूकडून पदार्थ एकही उचलला नव्हता. तिरस्कार मात्र चवीसकट उचलला होता.

"म्हणजे पौर्णिमेला गावासमोर म्हणायला मोकळ्या," प्रणिता म्हणाली. "नाही झालं हो पोरीच्यानं, मीच पी म्हटलं पाणी. नाही आत्या. तुम्ही तीस वर्षं केलंत. मी एक महिना करते. मग तुम्ही मला काही म्हणायचं नाही. कधीच नाही."

"माझी गाय वेगळी होती गं."

"हो का? आता गाय वेगळी झाली?"

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. पण पोरगी चूक बोलत नव्हती. प्रयागबाईंचा शब्द तिला खरा वाटावा, असं एकही कारण त्यांनी तिला तीन वर्षांत दिलं नव्हतं.

पौर्णिमेच्या दिवशी अंगणात मांडव घातला. तो कॅमेऱ्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, कंपनीनं त्यांना थंड ताक वाटलं. व्रत बघायला आलेल्या शंभर माणसांनी, व्रत करणारीच्या समोर, ताक प्यालं आणि पेले बाजूला ठेवून हात जोडले. भर दुपार होती. शीतला गव्हाणीशी उभी. तिच्या शेजारी, हौदाच्या कठड्याला धरून, नऊवारीत प्रणिता.

"वहिनी, थोडं गाईच्या जवळ," सलगरे छत्रीखालून म्हणाले. "आणि ओठ असेच कोरडे राहू द्या. फार छान दिसतंय."

प्रयागबाई मांडवाच्या कडेला बसल्या होत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ माणसांची मनातल्या मनात किंमत केली होती, पण इतकी कमी किंमत लावायची वेळ पहिल्यांदाच आली होती. शंभर माणसं कठड्याला धरून उभ्या असलेल्या एका बाईला बघत होती, आणि तिचा तोल जातोय हे एकाला दिसत नव्हतं. सगळ्यांना तप दिसत होतं. आणि हे बघायला त्यांना शिकवलं कुणी? प्रयागबाईंनीच, दर वैशाखात पाय पुढे करून.

त्या उठल्या. खुरांवर घालायच्या पाण्याचा तांब्या चौरंगावर ठेवला होता, तो घेतला. घासाची भाकरी घेतली. उन्हातून चालत गेल्या आणि प्रणिताचं मनगट धरलं. कातडी भाजत होती, आणि कोरडी ठणठणीत होती. घाम संपला होता पोरीचा.

"आत्या, हात सोडा. सगळे बघायलेत."

"बघू दे. निंबाखाली चल."

"तुम्हाला मला हरवायचंयच ना?"

"नाही. तू जिंकलीस. तेच सांगायला आलेय."

कॅमेरावाला पुढे सरकला. त्याला वाटलं, हे ठरलेलं असेल. प्रयागबाईंनी तिला निंबाच्या बुंध्याशी बसवलं आणि बायकांकडे वळल्या. त्या नेहमीसारख्याच हळू बोलल्या, म्हणून मांडव ऐकायला गप्प झाला.

"माझी कंधारी न्याहारीच्या वेळेला सावलीला यायची. तीस वर्षं मी फक्त न्याहारी उशिरा केली. त्याला तुम्ही तप म्हणत होता, आणि मी म्हणू देत होते. माझ्या पाया पडलात, ते पाया पडणं फुकट गेलं तुमचं." त्यांनी तांब्या पुढे घेतला. "गाईला ऊन सोसंना म्हणून हे व्रत होतं. या गाईला ऊन कळतच नाही. मग ज्याला सोसंना, व्रत त्याचं."

असं म्हणून त्या खाली बसल्या, आणि गाईच्या खुरांवर घालायचं पाणी त्यांनी सुनेच्या पावलांवर घातलं. मांडवातून 'अगं बाई' असा एक मोठा श्वास उठला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावलेला बोरखेडीत कुणी पाहिला नव्हता. मग त्यांनी तांब्या तिच्या ओठाला लावला. "घोट घोट घे. घाई नको."

प्रणितानं पहिला घोट तोंडात धरून ठेवला. गिळला. मग तांब्या स्वतःच्या हातात घेतला. थोडं पाणी पोटात गेलं आणि तिचे डोळे फिरले.

"माय, अर्धंच शूटिंग झालंय," गजेंद्र धावत आला. एवढं बोलून मग त्यानं बायकोकडे पाहिलं. क्रम असा होता, हे प्रयागबाई पुढे कधी विसरल्या नाहीत.

"गाडी काढा," त्या सलगऱ्यांना म्हणाल्या.

"ॲम्ब्युलन्स बोलावू ना. गाडीत सगळं सामान..."

"सामान इथं ठेवा. उन्हाला भीत नसेल तर राहील."

नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. माणसाचा घाम रक्तातल्या पाण्यातून येतो. पाणी मिळालं नाही तर रक्त दाट होतं, मूत्रपिंडं ते गाळता गाळता झिजतात, आणि त्यात श्रम केले तर स्नायू तुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन अडकतो. गाईचं एक अक्षर बदललं तसं माणसाचं कुणी बदललेलं नाही. प्रणिताची मूत्रपिंडं वाचली, पण पुरती नाही. "काही भाग गेला तो गेला. यापुढे हिला तहान लागता कामा नये. एक दिवसही नाही."

प्रणिता पंधरा दिवसांनी घरी आली. सासूशी ती गोड वागायला लागली असं काही झालं नाही. तसं झालं असतं तर प्रयागबाईंचाच विश्वास बसला नसता. पण दोघी बोलायच्या, आणि बोलताना आता एकमेकींकडे बघायच्या.

दुपारचं काम गजेंद्रवर आलं. पहिल्या दिवशी त्यानं चार बादल्या आणल्या. दुसऱ्या दिवशी निंबाखाली बसून कंपनीला फोन लावला, की गव्हाण भर उन्हात बांधणं ही घोर चूक आहे, हा काय माणुसकीचा प्रकार आहे का. आठवड्यात गव्हाणीवर पत्र्याचं छप्पर आलं. शीतला त्या सावलीत उभी राहून पूर्वीसारखीच खात राहिली.

"बघितलंस," प्रयागबाई सुनेला म्हणाल्या. "विज्ञानाला उशीर लागत नाही. बादली कुणाच्या हातात आहे, एवढंच बघतंय ते."

जाहिरात मात्र निघालीच. प्रयागबाईंचं बोलणं त्यातून कापलं होतं. मंद संगीत होतं, कोरडे ओठ होते, निंब होता, आणि सुनेच्या पावलांवर पाणी घालणारी सासू होती. खाली अक्षरं: 'तपाचा मान'. लोकांना ती फार आवडली. बघताना रडू येतं म्हणे.

पुढच्या वैशाखापर्यंत बोरखेडीत आणि आसपासच्या वाड्यांत शीतला दारोदार झाल्या, आणि सावलीव्रताला एक नवा विधी जोडला गेला. सुनेनं संध्याकाळपर्यंत निर्जळी राहायचं, आणि झाडाची सावली गव्हाणीवर आली की सासूनं तिचे पाय धुवायचे. जरीच्या लुगड्यात, फोटो काढून. जिथं व्रत कधी नव्हतं त्या गावांतही ते सुरू झालं.

वच्छलाबाईंनीही कंधारी विकली होती. त्यांची सून स्नेहल, नुकतं लग्न झालेली, हौद भरत होती. ऊन चढायला लागलं होतं. वच्छलाबाईंनी ओट्यावर संध्याकाळसाठी चांदीचं तबक पुसून ठेवलं होतं.

प्रयागबाई आणि प्रणिता कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या. प्रणिताच्या हातात पाण्याची कळशी होती.

"या या," वच्छलाबाई लगबगीनं उठल्या आणि प्रयागबाईंच्या पायाशी वाकल्या. प्रयागबाईंनी पाय मागे घेतले.

"पोरीला पाणी दे, वच्छला."

"आता? मोडंल की व्रत! तुमच्याच घरनं आलं हे, प्रयागबाई, आणि तुम्हीच मोडायलात?"

"माझ्याच घरी बिघडलं, म्हणून मलाच मोडावं लागायलंय."

प्रणिता तोवर हौदापाशी पोचली होती. तिनं आधी स्वतः ओंजळभर प्यालं, मग कळशी स्नेहलपुढे धरली. स्नेहलनं सासूकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली.

"पाप लागंल," ती पुटपुटली.

"लागेल तर माझ्या नावावर लागू दे," प्रयागबाई म्हणाल्या. "देवाला माझं घर माहीत आहे. रोज पहाटे हाक मारते मी त्याला. तो काही जाहिराती बघून येत नाही."

"अहो, पण लोक काय म्हणतील?" वच्छलाबाई रडकुंडीला आल्या. "आणि तबक? कंपनीची ताई येणार आहे संध्याकाळी फोटो काढायला!"

"तबकात पोहे ठेव. दोघी मिळून खा."

स्नेहलनं कळशी तोंडाला लावली आणि गटागटा प्याली, इतकी की पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. शीतलेनं मान वळवून एकदा पाहिलं आणि परत गव्हाणीत तोंड घातलं.

प्रणितानं रिकामी कळशी विहिरीवर भरून घेतली, काखेत घेतली आणि पदरानं कपाळ पुसलं.

"आत्या, आता कुणाकडे?"

"चल अशीच पुढं," प्रयागबाई फाटक लोटत म्हणाल्या. "सासवांना काय तोटा आहे या गावात?"